काळी पाच

१४ जून २००३

कीबोर्ड आला! महेश म्हणाला, "भजनाला डिस्को लावणार का आता?" खोकं उघडायला मात्र नवरोबाच पुढे.

आमच्या भजनी मंडळात मैनाबाई ढोलकी वाजवायच्या. त्या मुलाकडे सुरतला गेल्या, आता परत येणार नाहीत. बाकी सगळ्यांच्या हातात टाळ, ठेका कुणालाच येत नाही. मीच सुचवलं — ठेका आपोआप वाजेल अशी पेटी घेऊ. लहानपणी पेटी शिकले होते, तेवढ्या भांडवलावर. सुचवलंय तर आता निभवायला हवं.

आत शंभर ताल आहेत. भजनी ठेका एकही नाही. साम्बा चार प्रकारचे!

१७ जून

शाळेतून आल्यापासून तेच. तयार ताल लावला की सोबत बास गिटार, व्हायोलिनं, काय काय उठतं. एकेक बंद करत गेले. शेवटी नुसते चामड्याचे आवाज उरले. त्यातला काँगो घेतला 'धिं'साठी, बोंगो 'ना'साठी. मग बोटांनी वाजवून स्वतःचा ठेका भरला. बरेचदा चुकला, शेवटी बसला. फ्लॉपीवर उतरवून ठेवला.

पेटीचा आवाजही जुळवलेलाच — अर्धा अ‍ॅकॉर्डियन, अर्धा ऑर्गन, त्यातली थरथर काढून टाकली. बटणांवर नेलपॉलिशचे ठिपके दिले. लाल म्हणजे भजनी, गुलाबी म्हणजे दादरा.

खोटं आहे सगळं. पण डोळे मिटून ऐकलं तर चालेल.

२१ जून

दत्तमंदिराच्या सभागृहात पहिला सराव. अभंग संपताना मी शेवटाचं बटण दाबलं. ठेका माझा होता, शेवट कंपनीचाच राहिला होता — झांजा, ट्रम्पेट, टॅ-डॅऽ! वत्सलाबाई हसून आडव्या. "मास्तरीणबाई, इठ्ठलाला सर्कशीत नेला की हो!"

वत्सलाबाई आमच्या मुख्य गायिका. साठीच्या. इंदिरानगरात आमची कॉलनी उभी आहे ती जमीन म्हणजे त्यांच्या सासऱ्यांचा झेंडूचा मळा. उरलेल्या तुकड्यात अजून झेंडू-शेवंती होते, ती त्या बाजारात नेतात. कॉलनीतल्या बायका एरवी त्यांना 'फुलवाल्या बाई' म्हणतात. शनिवारी संध्याकाळी मात्र सगळ्या त्यांच्या मागे बसतात. कारण त्या काळी पाचवर गातात — पेटीवरची पाचवी काळी पट्टी हा त्यांचा सा. तिथून वर चढणं आमच्यापैकी कुणाला जमत नाही.

सुवर्णा तिशीची, गाण्यात विशारद झालेली. ती म्हणाली, "बाई, काळी तीन घेतली तर सगळ्यांनाच सोपं जाईल."

"तुम्हाला सोपं जाईल गं. काळी पाच सुटली का मी घरी बसले समजा. मंग माझं इथं काय काम? फुलं द्यायला येत जाईन."

हसत म्हणाल्या. सुवर्णाही हसली. मी हसले नाही असं आठवतं. खात्री नाही.

१९ जुलै

काही शनिवार वत्सलाबाईंचा गळा बसलेला होता. वरचा सा आला की खाकरायच्या, लवंग तोंडात टाकायच्या. "मळ्यात धूळ लय हाय." आज मात्र काय लागल्या! स्वतःच म्हणाल्या, "आज गळा मोकळा हाय बाई!" सुवर्णानंही मान हलवली.

आवरताना पाहिलं तर कीबोर्डच्या पडद्यावर वजा एक. सगळ्या येण्याआधी मी कॅसेटबरोबर जुळवून वाजवत होते, तेव्हा सूर एक घर खाली आणला होता. तो तसाच राहिला. म्हणजे बोट काळी पाचवर, आवाज पांढरी सहाचा. तासभर. कुणाला कळलं नाही. मलाही नाही.

नवल नाही तसं. पट्टी कानाला तुलनेनंच कळते, आणि टाळांना पट्टी नसते. सगळ्यांचा भरवसा माझ्या बोटांवर.

२६ जुलै

आज खरी काळी पाच लावली. वरच्या साला आवाज फाटला. वत्सलाबाईंनी लवंग तोंडात टाकली. सुवर्णा टाळाची दोरी गुंडाळत बसली, वर पाहिलं नाही. तिचा हा चांगुलपणा मला जास्त लागला.

२ ऑगस्ट

वजा एक. मुद्दाम.

९ ऑगस्ट

महेशला सांगितलं. "सरळ सांग ना त्यांना."

"त्या घरी बसतील."

"मग मला कशाला विचारतेस?"

बरोबर आहे. विचारलं नव्हतंच, सांगितलं होतं.

एक गोष्ट लिहून ठेवते. हा बदल कीबोर्डच्या आठवणीत राहत नाही. ठेके राहतात, आवाज राहतात. हे मात्र बंद करून चालू केलं की शून्यावर. म्हणून दर शनिवारी सगळ्यांच्या आधी जाऊन मला ते बटण दाबावं लागतं. म्हणजे दर शनिवारी पुन्हा ठरवावं लागतं. एकदा होऊन गेलं, अशी सोय नाही.

वत्सलाबाई पेटीला मळ्यातलं एक फूल वाहतात. आज केशरी झेंडू होता, टपोरा. मी तो सरकवून पडद्यावरच्या आकड्यावर ठेवला.

३ जानेवारी २००४

वजा दोन. थंडीमुळे असेल.

मी हे त्यांच्यासाठी करते, की माझा ठेका, माझी पेटी, माझा शनिवार बिघडू नये म्हणून? दोन्ही. प्रमाण सांगता येत नाही.

५ जून

वजा तीन. सिडकोतल्या एका मंडळाच्या बायका ऐकायला आल्या होत्या. त्यांच्यातली एक उठून माझी बोटं बघून गेली. "काळी पाच! या वयात!" वत्सलाबाईंनी पदर नीट केला. चहा होईपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरून ते गेलं नाही.

निघताना माझ्याजवळ आल्या. "खरं सांगू? मैनाच्या ढोलकीवर माझा गळा असा लागत नव्हता. ही पेटी मानवली मला."

मी म्हटलं, "तुमचाच गळा, बाई." हे वाक्य खोटं नाही. पण मी ते ज्यासाठी वापरलं ते खोटं होतं.

१२ फेब्रुवारी २००५

वजा चार. म्हणजे काळी तीन — सुवर्णानं पहिल्याच दिवशी मागितलेली! आता खरंच सगळ्यांना सोपं जातं. आणि सगळ्या काळी पाच गायल्याच्या खुशीत. खालून दबून गाणाऱ्या बायकासुद्धा मोकळ्या गातात. मंडळ कधी नव्हे इतकं चांगलं वाजतंय. मे महिन्यातल्या नाशिक रोडच्या भजन स्पर्धेत नाव दिलं.

परवा वत्सलाबाईंचा फोन आला. मला वाटलं त्यांचा मुलगा बोलतोय. त्या खूप हसल्या. हसणंही घोगरं.

२२ मे

स्पर्धा. जसं झालं तसं लिहिते.

दुपारचा कार्यक्रम, भर उन्हाचा. आमचा नंबर जेवणानंतरचा. दुसरा अभंग अर्ध्यावर आला आणि लाइट गेली. पंखे, माइक, कीबोर्ड — सगळं एकदम. वत्सलाबाई थांबल्या नाहीत. डोळे मिटलेले, हात टाळ्यांना. मागून टाळ चालू. नुसत्या गळ्यानं गात राहिल्या, जिथं होत्या तिथंच, तसूभर इकडेतिकडे नाही. आवाजात जाडसर खरखर होती, पण ती शोभत होती. मलासुद्धा वाजवायचं नाही म्हणून ऐकता आलं. इतकं चांगलं मी त्यांचं कधी ऐकलं नव्हतं.

मग लाइट आली. कीबोर्ड शून्यावर उठला. मला माहीत होतं. खालचं बटण चार वेळा दाबायचं, एवढंच. सुवर्णा माझ्या शेजारी, तिची नजर माझ्या हाताकडे. मी दाबलं नाही. न वाजवता नुसतं बसता आलं असतं. तेही सुचलं होतं! सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, पेटी कधी सुरू होते म्हणून. मी काळी पाच दाबली.

सूर वर वाजला. वत्सलाबाईंनी डोळे उघडले. आणि स्वतःचा सूर सोडून पेटीच्या सुराला गेल्या. क्षणाचाही विचार केला नाही. इतका वेळ एकट्यानं धरून ठेवलेला चांगला, खरा सूर — सोडून दिला, कारण पेटी वेगळं सांगत होती.

वरच्या साला आवाज गेला. फाटला नाही, गेलाच. तोंड उघडं आणि नुसती हवा. टाळ एकेक करून थांबले.

सुवर्णानं पाणी आणलं, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी वायर गुंडाळत होते.

२३ मे

उन्हाळी सुट्टीतही दहावीचे जादा वर्ग आहेत. सुवर्णा शाळेत आली. मधल्या सुट्टीत फाटकाशी उभी.

"ताई, लाइट गेल्यावर बाई गात होत्या ती काळी पाच नव्हती. बरीच खाली होती."

"लाइट गेल्यावर पट्टी घसरते माणसाची."

"हो, घसरते," ती म्हणाली. "पण लाइट जाताना घसरल्यासारखं काही ऐकू नाही आलं."

मी घंटा झाली म्हणाले. घंटा झाली नव्हती.

२८ मे

आज सराव नाही. मळ्यात गेले. वत्सलाबाई ओट्यावर हार ओवत बसल्या होत्या. बोलल्या ते कुजबुजल्यासारखं.

"या मास्तरीणबाई. पुढल्या शनवारपासून सुवर्णाला बसवा पुढं. पोरगी गुणाची हाय. मी आपली फुलं धाडीत जाईन."

"बाई, एका कार्यक्रमावरून..."

"नाय ओ. लाइट गेली तशी मी खाली घसरले, आन् मला कळलंबी नाय! पेटीनंच इतकं दिस धरून ठेवलं होतं. पेटी तरी किती धरील?"

खरं काय ते सांगायचं तोंडाशी आलं होतं. त्या सुई-दोरा ओढत होत्या. मी दोन वेळा तोंड उघडलं. दोन्ही वेळा दुसरंच बोलले. दुसऱ्या वेळी म्हटलं, घसा दाखवून येऊ.

"आठ दिस होत नाय तर डॉक्टर! गरम पाण्यानं निघंल."

सून आतून म्हणाली, "जाऊन या ना आत्याबाई. ताई स्वतःहून म्हणतात तर."

"ह्या येत्या का संगं? मंग जाते."

सोमवारच्या जादा वर्गाला रजा टाकली.

येताना रस्ताभर विचार — मला त्यांच्या घशाची काळजी आहे, की घशातच काही निघावं असं वाटतंय? म्हणजे दोष पट्टीचा नाही, माझा नाही, असं होईल. हे लिहिताना लाज वाटते. पण वाटलं ते वाटलं.

३० मे

कान-नाक-घशाचे डॉक्टर. घशात आरसा घालून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, एका बाजूला गाठीसारखं दिसतंय. आवाज जास्त गाऊन नुकताच बसला असेल तर औषध देऊ, बोलणं बंद, महिन्यानं बघू. जुनं दुखणं असेल तर थांबायचं नाही. याच आठवड्यात भूल देऊन तुकडा काढायचा आणि तपासायला पाठवायचा.

"आवाज असा कधीपासून झालाय?"

"आठ दिस," वत्सलाबाई म्हणाल्या. "तवर काळी पाच लावत होते. इचारा मास्तरीणबाईंला, त्याच वाजवत्या पेटी."

डॉक्टर माझ्याकडे वळले.

"जुलैत दोन वर्षं होतील," मी म्हटलं.