‘केशरपहाट’ क्रीमची तपासणी

३ नोव्हेंबर, सकाळी ७
पंधराला मॅट्रिकच्या वर्गाचा मेळावा. जयसिंगपूरहून सीताबाई येणार. पंचावन्न वर्षांनी! आठवीत आम्ही दोघांनी चालीवर कविता म्हटली होती. (म्हटली तिनं, मी ओठ हलवले.) बारा दिवसांत चेहरा तजेलदार झालाच पाहिजे. निश्चय: क्रीम लावणार, पण पारखून. जाहिरातीला भुलणारा मी नव्हे.

४ नोव्हेंबर
दोन क्रीम आणली. पहिल्यावर नुसते टक्के आणि रसायनं. क्रियापद एकही नाही. नापास. दुसरं ‘केशरपहाट’. डबीवर लिहिलंय, काश्मिरी केशराच्या कोवळ्या किरणांनी न्हालेलं. अनुप्रास! फसवणारा माणूस एवढे कष्ट घेईल कशाला? शंभरपैकी ब्याण्णव. छत्तीस वर्षं मराठीचे पेपर तपासलेत.
सून स्वप्नाली म्हणाली, आण्णा, मागं घटक बघा की. बारीक टायपातलं मी वाचत नाही.

७ नोव्हेंबर
सम्मेद आला. आमच्याच शाळेत विज्ञान शिकवायचा. कागदावर क्रीम फासलं, वर सोड्याचं पाणी टाकलं. पिवळ्याचं लाल झालं. म्हणाला, केशर पिवळंच राहिलं असतं, ही हळद हाय लेका, बोहल्यावर चढायलायस काय? विज्ञानवाल्यांना रसिकता नसते. मला त्या लालीत पहाट दिसली. दोन गुण वाढवले.

१० नोव्हेंबर
दोन वेळा जाड लेप. उशीचा अभ्रा पिवळा झाला. म्हणजे गुण येतोय. स्वप्नालीनं अभ्रा माझ्या हातात दिला. म्हणाली, तुमची पहाट तुम्हीच धुवा.

१३ नोव्हेंबर
दूधवाला गुंडू दारात थबकला. म्हणाला, मास्तर, रंगच पालटलाय की तुमचा! जाणकार माणूस.

१५ नोव्हेंबर, सायंकाळ
सीताबाईनं लांबूनच हेरलं. मी पेढा पुढं केला, तिनं तोंडात टाकला. मग माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. मी दुसरा गालही पुढं केला. म्हणाली, कावीळ कधीपासनं हाय? मी केशराचं सांगू लागलो तर म्हणाली, बोलू नको, दम लागंल. आचाऱ्याला हाक मारून माझ्यापुढचं मटण आणि तांबडा रस्सा उचलायला लावला. ताकभात वाढायला सांगितला.
पण काळजी किती! पंचावन्न वर्षांनीही.

१६ नोव्हेंबर, सकाळी ९
सीताबाईचा फोन. स्वप्नालीच्या मोबाईलवर. घसा साफ करून शेजारी उभा राहिलो. फोन माझ्याकडं आलाच नाही. तिला एवढंच विचारायचं होतं, त्यांच्या हातचा पेढा खाल्लाय मी, ही कावीळ लागती काय?