चार हजार ल्युमेनचा कोपरा

३ मार्च, सोमवार
कोपऱ्यातल्या अंधाराचा प्रश्न आज कायमचा मिटला. चार्जिंगचा टॉर्च आणला. खोक्यावर उजेडाचं माप चार हजार ल्युमेन लिहिलंय. सूनबाई म्हणाली, आई, टेबल खिडकीपाशी घ्या ना, तिथे फुकटचा उजेड आहे. तिला बाइंडिंगमधलं काय कळतं! ह्यांनी तीस वर्षं याच कोपऱ्यात पुस्तकं बांधली. जागा त्यांनी स्वतः निवडलेली. माणूस जाऊन दीड वर्ष झालं म्हणून त्याचं टेबल हलवायचं? शिवाय खिडकीत माझी वाचायची खुर्ची आहे.
महिनाअखेर वाचनालयाची बारा पुस्तकं बांधून द्यायचीत. सहज होतील.

४ मार्च
टॉर्च खिळ्याला टांगला. मधोमध सूर्य, कडेला अमावस्या. धक्का लागला की गरगर फिरतो. सुई दोनदा बोटात. दहा मिनिटांनी आपोआप मंद झाला. दुकानदार म्हणे, मावशी, तो टर्बो मोड, तापला की स्वतःच उतरतो. अशी माणसं पुष्कळ पाहिली, टॉर्च पहिल्यांदाच. वर म्हणतो, हा चोर शोधायला आहे, शिवणाला नाही. विकताना जीभ कुठे गेली होती?

७ मार्च
दुसरा टॉर्च. पाठीला लोहचुंबक, कपाटाला चिकटतो. आमचं कपाट लाकडी. खळीच्या डब्याला चिकटवला. खळ छान दिसते.

८ मार्च
माहितीपत्रक तीनदा वाचलं. मी शाळेत चौथीपर्यंतच गेले, बाकीचं बाइंडिंगला आलेल्या पुस्तकांतून शिकले. पण इतकं बढाईखोर लिखाण कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

१२ मार्च, सकाळी ११
तिसरा. डोक्याला बांधायचा. हाच खरा. आधी हाच का दाखवला नाही, ते त्या दुकानदारालाच ठाऊक. पोस्टमन दारात आला, मी मान वर केली, तो डोळे झाकून मागच्या मागे गेला. पत्र शेजारी देऊन गेला म्हणे. भित्रा.

संध्याकाळी
चार पुस्तकं पुरी करून पाठवली. सूनबाईला मुद्दाम सांगितलं.

१५ मार्च
ग्रंथपालबाईंचा फोन. एका कादंबरीत दोन फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, मागे-पुढे शिवले गेलेत. नायक एकशे नव्वदाव्या पानावर मरतो आणि पान उलटलं की त्याचं लग्न. मी म्हटलं, बाई, गेलेला माणूस परत येतोय, तर तक्रार कोणाची आहे? त्या म्हणाल्या, तुमच्या साहेबांच्या हातचं एक पान इकडचं तिकडे झालं नाही कधी, म्हणून तुमच्याकडे देते. पुन्हा असं झालं तर बाजारातल्या प्रेसला द्यावं लागेल.
ह्यांनी मागे ठेवलेलं एवढं एकच काम आहे माझ्याकडे. तेही एका पट्ट्याच्या टॉर्चपायी जायचं! पट्टा सैल होता. चौथा आणणार, स्टँडवाला.

१८ मार्च
भावजी आले, ह्यांचे धाकटे भाऊ. सहज आलो म्हणे. सहज येणारा माणूस बाह्या सरसावून येत नाही, सूनबाईनेच टेबल ढकलायला बोलावलं असणार. मी ठणकावलं, ती जागा ह्यांनी निवडलेली आहे. भावजी हसले. म्हणाले, वहिनी, निवडलेली कसली? दादा मला कितीदा म्हणाला, टेबल खिडकीत हवं होतं रे. मी म्हणायचो, मग घे की. तर म्हणायचा, तिथे ती वाचत बसते, तिला उठवायचं कसं?
भावजींची आठवण पहिल्यापासून कच्ची. चहा देऊन वाटेला लावलं.

१९ मार्च
भावजी चुकतात.
काम केलं नाही. वाचलंही नाही.

२० मार्च
सकाळी टेबल खिडकीत घेतलं. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने सूनबाई. तिने खळीचा डबा आधीच उचलून ठेवला होता, हे तिचं शहाणपण. परत आलेली कादंबरी उसवून पुन्हा शिवली. पानांवरचे आकडे लख्ख दिसतात, चष्मासुद्धा लागत नाही. लग्न आधी, मरण नंतर.
खुर्ची कोपऱ्यात गेली. दुपारी पुस्तक घेऊन तिथे बसले. दोन पानांत डोळ्यांना पाणी आलं, पुस्तक मिटून ठेवलं.
ह्यांनी तिथे तीस वर्षं सुईत दोरा ओवला.