पुढे मी, मागे ते

बदनापूर
३ डिसेंबर १९९८

चि. मार्तंडभावजींस आशीर्वाद.

इथे आम्ही दोघं ठीक. शैलाचा खोकला थांबला असेल असं धरून चालते. हरभरा चांगला आलाय, असं संशोधन केंद्रातली माणसं घरी येऊन तुमच्या दादांना सांगून जातात. तिथून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी पिकाचा रिपोर्ट आधी आमच्याकडे.

तुम्ही पुण्याहून पाठवलेली चाकांची खुर्ची दिवाळीच्या आधीच मिळाली. पोच दिली नाही, कारण राग आला होता. सोबतच्या चिठ्ठीत तुम्ही लिहिलंत, 'वहिनी, आता दादांना चालवू नका, बसवून ठेवा.' लिहायला काय जातं? पार्किन्सनच्या माणसाला बसवलं की तो बसतोच, मग उठत नाही. खुर्ची तशीच परत पाठवायची, असं मी ठरवलं होतं.

तुमचा आधीचा वॉकरही तसलाच. चकचकीत, हलका, दुकानदाराने तुमच्या गळ्यात मारलेला. तो उचलायचा, पुढे टेकवायचा, मग पाय टाकायचा. दादांना एका वेळी एकच काम जमतं. वॉकर उचलला की पाय विसरायचे आणि तोल मागे जायचा. त्याआधीची काठी तर ते काखेत धरून चालत, तपासणीला आलेल्या साहेबासारखे. टेकली तर लोक म्हातारा म्हणतील ना!

शेवटी जालन्याचे डॉक्टर म्हणाले, "बाईंनी हात धरून चालवावं."

"बाजारातून बायकोचा हात धरून?" दादा म्हणाले. "न्हाई. बिलकुल जमायचं न्हाई."

तुमच्या घराण्याची रीत तुम्हाला ठाऊकच आहे: पुरुष पुढे, बाई मागे. लग्न होऊन घनसावंगीला आले तेव्हापासून मी यांची पाठ बघत चालते आहे. कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला जोडीजोडीने चालवत. ते शिक्षण फुकट गेलं. असो. दादांनी संध्याकाळी स्टेशनपर्यंत जायचं बंद केलं. पलंग, खुर्ची, पलंग. बोलणंसुद्धा आटलं. मी घाबरले ती त्याला.

दसऱ्याला ते वॉकरसकट अंगणात मागे कलंडले, एवढं तुम्हाला कळवलं होतं. रीतीप्रमाणे मी मागेच होते, हे लिहिलं नव्हतं. पडले ते, मोडला माझा पाय. कळवलं असतं तर शैला धाकटी जाऊ म्हणून धावत आली असती आणि माझं स्वयंपाकघर तिच्या पद्धतीने लावून गेली असती. म्हणून गप्प बसले.

खुर्ची आली तेव्हा मी प्लास्टरमध्ये होते. एका संध्याकाळी दादाच म्हणाले, "शरयू, बस याच्यात. किती दिवस घरात कुजून राह्यलीस."

आणि भावजी, ते चालले. उचलायला काही नाही, धरायला दोन मुठी, आणि माझ्या वजनामुळे खुर्ची पुढे पळत नाही. पावलं घाई करायला लागली की मी ब्रेक लावते. फाटकाशी पाय जमिनीला चिकटले की शाळेत मी घ्यायचे त्या पीटीच्या तासासारखं "लेफ्ट!" म्हणते. स्टेशनजवळ चहावाल्या कडूबाने विचारलं, "सायब, बाईला काय झालं वो?"

"पाय मोडला तिचा. एकटी कुठं जाणार? मंग मीच फिरवून राह्यलो."

छाती काढून सांगितलं. मुठी घट्ट धरल्या होत्या, त्यामुळे हातांचा कंप कुणाला दिसला नाही. शेजारच्या पुष्पाबाई रस्त्यात सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मजा हाय बाई मास्तरीणबाईंची! नवऱ्याला गाडीला जुंपलं." आयुष्यभर मी असल्या बोलण्याची उधारी ठेवलेली नाही. ही एक तेवढी ठेवली.

तर खुर्ची परत येणार नाही.

आता मुद्द्याचं. नाताळच्या सुट्टीत तुम्ही दोघं येताय. माझं प्लास्टर मागच्या महिन्यातच निघालं. डॉक्टर म्हणाले, "हाड छान जुळलंय, चाला आता." मी म्हटलं, अजून कळा येतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दादांकडे बघितलं, आणि पुढचा पेशंट बोलावला. दुपारी दादा झोपले की मी घरभर चालून घेते.

त्यांच्यासमोर माझ्या पायाचं काही काढू नका. काढलंच, तर 'सूज दिसते अजून' एवढं म्हणा. शैलाला सांगा, मला उठताना हात देत जा, मी घेईन. स्वयंपाकघरही लाव म्हणावं कसं लावायचं ते. मी खुर्चीत बसून बघेन आणि एक शब्द बोलणार नाही. माझा स्वभाव तुम्ही जाणता, तेव्हा हे केवढं आहे ते समजून घ्या.

दादा चपला घालून दारात उभे आहेत. हाका मारताहेत. इथून तिथवर मला लंगडत जायचं आहे.

तुमची, तूर्त पायाने अधू,
शरयूवहिनी