पहिले हजार मैल

मंगळवार, २९ सप्टेंबर १९७०
आज ह्यांचा दहावा. पुरुष मंडळी सकाळी आठला नदीवर गेली ती साडेबाराला परत आली. घरी आत्याबाई (सासूबाई), मी आणि शेजारच्या दोघी. भात दोनदा गरम करावा लागला.
कावळा शिवत नव्हता. जेवताना आण्णांनी (सासरे) सगळं सांगितलं. गुरुजींनी एकेकाला पुढे बोलावलं. मधूभावजी म्हणाले, वहिनींना काही कमी पडू देणार नाही. कावळा फांदीवरच. गॅरेजचे गुलाबभाई मिस्त्री लांब उभे होते, त्यांनीही हात जोडून काही म्हटलं. काही नाही. ऊन चढलं. शेवटी आण्णाच पुढे झाले. "वसंता, तुजी गाडी बंद ठेवनार न्हाई. जानेवारीच्या शर्यतीला मधू बसंल तिच्यात."
"आन् लगेच उतरला! माजा हात खाली यायच्या आत."
दहा दिवसांत आण्णांचा आवाज असा मोकळा ऐकला नव्हता. आत्याबाईंनी डोळे पुसले. मधूभावजी भात कालवत राहिले. पान तसंच उचललं.
ह्यांचा जीव कुठे अडकलेला नाही हे ऐकून मलाही बरं वाटलं. मग भांडी आवरताना लक्षात आलं, की म्हणजे जानेवारीत पुन्हा तेच.

शुक्रवार, २ ऑक्टोबर
सुटी. कपाट आवरलं. ह्यांचे शर्यतीतले कप अकरा आहेत, मी नऊ समजत होते. दोन मागे पडले होते.
आण्णांच्या गॅरेजात टेम्पो चालवणारा मुलगा (म्हणजे हेच) एका साहेबाशी पैज लावून नगर-पुणे किती वेळात गेला, तिथून हे सगळं सुरू झालं. मग पुण्याच्या एका शेठनी जुनी फियाट दिली. तेच पगार देत. मद्रासकडे विमानांची जुनी धावपट्टी, तिथे वर्षातून दोनदा, कधी कलकत्ता. पेपरात फोटो. साध्या गाड्या, आपल्या रस्त्यावर दिसतात त्याच, फक्त आतलं सगळं काढून टाकलेलं.
मी एकदाच गेले. पदर तोंडात धरून बसले. गाडी समोरून किती वेळा गेली ते माहीत नाही. नंतर नाहीच गेले. घरी थांबायचे. शर्यत झाली की हे एका शब्दाची तार करत, "सुखरूप". ती येईपर्यंत मी दारात. आठ वर्षं.
आणि गेले कशाने, तर काविळीने. सिव्हिलमध्ये, सतरा दिवस, खाटेवर. माझ्या हातात हात होता. लोक म्हणतात, कसं ग हे. मला आतून वाटतं, बरं झालं खाटेवर गेले, बरं झालं मी जवळ होते. कुठल्या तरी परक्या शहरात, अंगावर गाडी, असं नाही.
हे कुणाला सांगायचं नाही.

शनिवार, १० ऑक्टोबर
दसरा. यंदा घरात सण नाही. आण्णांनी तरी गाडीला झेंडूचा हार घातला.
ह्यांनी आजारी पडायच्या आधी इंजिन रिबोर करून घेतलं होतं. गुलाबभाई समजावून देत होते, की सिलिंडर नवे कापलेत, पिस्टन नवे; पहिले हजार मैल ताशी तीसच्या वर न्यायची नाही, नाहीतर जाम होईल. "नवी नवरी समजा, वैनी. आल्या आल्या दळन टाकायचं न्हाई तिच्यावर."
आत्याबाई म्हणाल्या, "माज्यावर तर दुसऱ्याच दिवशी टाकलं हुतं."
आण्णांना मोतीबिंदू. काट्यावरचे आकडे दिसत नाहीत, ऑपरेशनला तयार नाहीत. मला म्हणाले, तू शाळेतली बाई, मधू सांगंल ते मैल लिहून ठेव. आजचा आकडा ४१,२०६.
म. नी (मधूभावजींना इथे म. लिहीन) मागच्या काचेला पुठ्ठा लावला, "इंजिन नवीन. पुढे जा."

सोमवार, १९ ऑक्टोबर
म. रोज नागापूरला गॅरेजात आणि आठवड्यातून एकदा-दोनदा पुण्याला सामान आणायला त्याच गाडीने जातात. तीसच्या वर नाही. गावभर चेष्टा. आज चौकात एका टेम्पोवाल्याने थांबवून विचारलं, "मधूशेठ, म्होरं बैल जुपू का? माजा रिकामाच हाय."
म. म्हणाले, "जुप. पन तुजा बैल पळंल, हिला सोसनार न्हाई."
काल आत्याबाईंना हिवरे बाजारला बहिणीकडे नेऊन आणलं. त्या गाडीत त्या कधी पाय ठेवायच्या नाहीत. आल्यावर म्हणाल्या, पोटातलं पाणी हललं नाही.

रविवार, ८ नोव्हेंबर
दिवाळीची सुटी. माझा भाऊ राजूरला शाळेत आहे, आई त्याच्याकडे, तिला बरं नाही. म. नी पोचवलं, संध्याकाळी परत. आईचा ताप उतरलाय.
मुख्य हे, की मी पुढे बसले होते. संगमनेरच्या पुढे सहज काट्याकडे बघितलं. ४२,३९०. मनात वजाबाकी केली. पुन्हा केली. अकराशे चौऱ्यांशी. आणि परवाच म. नी मला "सातशे तीस" लिहायला लावलं. आण्णांना मीच वाचून दाखवलं.
राजूरच्या अलीकडे घाटात मागून ट्रक हॉर्न देत होता. म. नी गाडी पार कडेला घेऊन उभी केली. ट्रक गेला तरी निघेनात.
मी विचारलं, "भावजी, किती मैल झाले?"
"वहिनी, तुम्हाला आकडे वाचता येतात."
मग एकदम बोलले. मागच्या वर्षी सरावाच्या वेळी ह्यांनी त्यांना शेजारी बसवून दोन फेऱ्या मारल्या. "दादा वळणाआधी शीळ घालायचा. मला ओकारी झाली. त्याने कुणाला सांगितलं नाही. स्वतः पुसलं सगळं." आण्णांना हे माहीत नाही. हजार मैल पुरे झाले की शर्यतीच्या अर्जावर सही करावी लागणार, म्हणून पुरे होऊ देत नाहीत.
"पण आण्णा दादाला बोलून बसलेत. मी नाही बसलो तर दादा..."
मी म्हटलं, "मला त्यांनी आठ वर्षं दारात उभं केलं. आता ते थांबतील थोडे."
असं कसं बोलून गेले. म. माझ्याकडे बघत राहिले, मग हसले, मग मीही. घाटात गाडीत बसून दोघं हसतोय. कुणी पाहिलं असतं तर.
उतरताना बघितलं, माझ्याही पाठीवरचं ओझं

(आत्याबाईंनी हाक मारली, राहिलं.)

सोमवार, ९ नोव्हेंबर
आण्णांनी सकाळी विचारलं, "किती झालं गं?"
"साडेआठशे, आण्णा."
वहीत तसंच लिहिलं. ह्या घरात पहिल्यांदा खोटं बोलले. दुपारी पोटभर जेवले.

रविवार, ६ डिसेंबर
मद्रासहून अर्ज आलाय. महिनाअखेरच्या आत पोचायला हवा. आण्णांनी शेजारच्या वकिलांकडून भरून घेतला. नाव, वय चोवीस, गाडी. सहीची जागा मोकळी. कपाटावर ठेवलाय.
आज त्यांनी गुलाबभाईंना घरी बोलावलं. "मैल बिल ऱ्हाऊ दे. तू कान लावून सांग."
गुलाबभाईंनी बॉनेट उघडलं, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटले. म. भिंतीला टेकून उभे, तोंड पांढरं. मी चहाचा कप धरून दारात. गुलाबभाईंनी डोळे उघडले तेव्हा आधी म. कडे पाहिलं. मग जरा वेळाने आण्णांकडे.
"अजून कडक हाय, आण्णा. घाई केली तर जाम हून बसंल."
"एवडं कडक?"
"माल चांगला वापरलाय न्हवं. वसंतशेठनं निवडलेला."
आण्णा आत गेले. कप देताना मी हळूच म्हटलं, "खरंच कडक आहे?"
"लोन्यावानी चालतंय, वैनी. चाळीस वर्षांत पैल्यांदा खोटं बोललो."
"पहिल्यांदा?"
"मालकाशी. गिऱ्हाईक धरू नका त्यात."
त्यांनाही ठाऊक आहे तर. कसं, ते विचारलं नाही. चहा आणखी दिला.

रविवार, २० डिसेंबर
आज आण्णा स्वतः म. शेजारी बसून राहुरीपर्यंत जाऊन आले. ह्यांच्या शेजारी ते कधी बसले नव्हते, आत्याबाई म्हणाल्या. आल्यावर पाय धुतले, खुर्चीत बसले.
आत्याबाईंनी विचारलं, "कसा चालवतो?"
"नीट." जरा थांबून, "लई नीट."
रात्रीची जेवणं. म. नी दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी आमटी वाढली.
म. नी आता सांगून टाकावं. की मीच सांगू? सून म्हणून माझी जागा नाही. पण ज्यांची वाट बघण्यात माझी वर्षं गेली त्यांची बायको म्हणून आहे, असं वाटतं. पाच दिवस बघायचं, नाहीतर मी बोलणार. हे ठरवल्यावर झोप लागेल.

शनिवार, २६ डिसेंबर
सकाळची शाळा. साडेअकराला घरी. आज बोलायचं असं ठरवून आले, वाक्यं जुळवत. आत्याबाई देवळात. आण्णा कोट घालून ओट्यावर बसलेले, मांडीवर अर्ज. म. गाडी पुसत होते.
मी तोंड उघडायच्या आत आण्णाच म्हणाले, "सुमन, राजूर किती मैल गं हितनं?"
"ऐंशी असेल."
"जाऊन येऊन?"
"एकशेसाठ."
"आन् पुनं?"
तेही सांगितलं. ते बोटांची पेरं मोजत राहिले. एक हात संपला, दुसऱ्यावर गेले. नंतर मोजायचं थांबले.
"माजं डोळं गेल्यात. बोटं हायेत."
"आण्णा, चूक माझी आहे," एवढंच म्हणाले. जुळवलेलं वाक्य एकही आठवलं नाही. "मला पुन्हा दारात उभं राहायचं नाही."
आण्णा रागावले नाहीत, निदान तोंडावर तसं दिसलं नाही. म. फडकं हातात धरून गाडीपाशी तसेच. मग आण्णांनी अर्जाची घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.
"टपाल कवा निघतं?"
"चारला."
"बगू." उठले, चाचपत गाडीत बसले. "चल मधू. गॅरेजात जाऊ."
म. नी गाडी सुरू केली. गाडी वळेपर्यंत मी बघत होते. खिडकीतून आण्णांचा आवाज आला, "तीसनंच चल."
आता पावणेतीन. अर्ज गेला तेव्हा त्यावर सही नव्हती. पोस्ट ऑफिस गॅरेजच्या वाटेवरच आहे; टाकतील की नाही, माहीत नाही. मी बोलले ते बोलले. त्याचं वाईट वाटत नाही.
दारात थांबले नाही. पाणी तापवलं, डोक्यावरून न्हाले. गच्चीवर ऊन चांगलं होतं. केस वाळेपर्यंत बसले, मग विंचरले.