अचलपूरच्या सभेतलं एक वाक्य

सर, तुम्ही ज्यांना ज्यांना बोलायला शिकवलं, त्या आम्हा सगळ्यांची तुमच्याबद्दल एक सामाईक तक्रार आहे. तुम्ही आम्हाला एका देशासाठी तयार केलंत आणि तो देश दर्यापूरच्या त्या शाळेतल्या आठवीच्या वर्गाबाहेर कुठे नाहीच. दिवाळीची सुट्टी संपली की तुम्ही इतिहासाचं पुस्तक मिटायचात आणि वर्गाचा देश करायचात. चार-पाच पक्ष, प्रत्येकाचा जाहीरनामा, खिडकीकडचे बाक विरोधकांचे. देशाला नाव मात्र ठेवू दिलं नाही कधी. "नाव ठेवलं का झेंडा लागते, अन् झेंडा लागला का पोट्टे डोके फोडतात," म्हणालात. आणि एकच कायदा होता. मत मागण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा नीट मांडून दाखवायचं. तो स्वतः "हो, हेच मले म्हणायचं होतं" म्हणाला, तरच ते खोडायचा हक्क.

वर्गातल्या त्या निवडणुकीत माझ्या बाकावरचा सोबती ग्रंथालयाचं कपाट मधल्या सुट्टीत उघडं ठेवा म्हणत होता. मी उभा राहिलो आणि म्हणालो, याला कपाटात बसून डबा खायचा आहे. वर्ग हसून लोळला. मी निवडून आलो. तुम्ही फळ्यावर निकाल लिहिलात, खडू ठेवलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "निवडून तं आला तू. बोलायले लायक नाही झाला." त्या संध्याकाळी तुम्ही मला घरी बोलावलंत. अजून दिसतं मला ते स्वयंपाकघर. काकू भाकरी थापताहेत, तुम्ही सुपातल्या तुरीच्या डाळीतले खडे वेचताय, आणि मी पाटावर बसून त्या पोराचं म्हणणं सांगतोय. एकदा सांगितलं. "अजून तुयाच आवाजात बोलून राहिला बे," म्हणालात. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. शेवटी काकूच म्हणाल्या, "जेवू द्या नं त्याले, भाकर थंडी होऊन राहिली." तुम्ही म्हणालात, "होऊ दे." मी रडलो आणि मग सांगितलं. त्याच्या घरी पुस्तक नव्हतं, शाळा सुटल्यावर त्याला म्हशी वळायच्या असत, त्यामुळे मधल्या सुट्टीखेरीज वाचायला वेळच नव्हता. इतकं साधं होतं ते.

तुम्हाला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली. आता लोकसभेची निवडणूक चालू आहे आणि मी अकोल्यात आघाडीने दिलेल्या खोलीत बसलो आहे. तुमचा विद्यार्थी मोठा वक्ता झाला, सर. माझं नाव पत्रकावर उमेदवाराच्या खालोखाल छापतात. माझ्या मागेपुढे जी माणसं असतात त्यांना तुम्ही वर्गात पाणी आणायलासुद्धा पाठवलं नसतं. अकोल्यात आम्ही ज्याच्या गळ्यात गळा घालतो, अमरावतीत त्याचाच गळा धरतो, आणि याला मैत्रीपूर्ण लढत म्हणतात. परवा एक तालुकाप्रमुख सकाळच्या सभेत आमच्याविरुद्ध गरजला आणि दुपारी आमच्या मंचावर माझ्याशेजारी येऊन बसला. घाईत गळ्यातला दुपट्टा तेवढा बदलायचा राहिला होता. कोणीतरी कानात सांगितलं तर म्हणतो, "राहू द्या भाऊ, दुरून काय दिसते?" त्याला लाज नव्हती याचं मला नवल नाही. समोरच्या गर्दीलाही दिसत होतं आणि गर्दीही हसत होती, याची मला किळस आली. पक्ष इतके की यंत्रावर नावं मावत नाहीत. विचार शोधायला गेलं तर एकाचाही सापडत नाही. जाहीरनामा कोणी वाचत नाही, लिहिणाराही नाही. मागच्या वेळचा काढून त्यावर नवा फोटो चिकटवतात. आणि अशा माणसांसाठी मी घसा फोडतो, कारण समोरचे यांच्याहून वाईट आहेत असं माझं मत आहे. मत आजही तेच आहे. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय.

अमरावतीत एक अपक्ष बाई उभी आहे. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या एका गावची, सरपंच होती. ती शाळकरी असताना एका वक्तृत्व स्पर्धेत मीच तिला पहिलं बक्षीस दिलं होतं. तिचा मुद्दा एकच. तिच्या भागात विहिरीचं पाणी खारट, प्यायच्या लायकीचं नाही. वरच्या धरणातून जी नवी नळयोजना होते आहे, तिच्यात या गावांचे हंडे आधी भरा, शहराच्या नव्या वसाहती नंतर. अचलपूरकडच्या संत्र्याच्या बागांबद्दल ती एक अक्षर बोललेली नाही. मी तिचं पत्रक वाचलं होतं, सर. दोनदा वाचलं होतं. आणि अचलपूरच्या सभेत, संत्र्याच्या बागा असलेल्या माणसांसमोर, मी हात उंच करून म्हणालो, "ही बाई निवडून आली तर तुमच्या बागेचं पाणी दर्यापूरच्या नळाला जाईल, आणि तुम्ही झाडाला काय पाजाल, भाषण?" मैदान उठून उभं राहिलं. शिट्ट्या, टाळ्या. ते वाक्य त्याच दिवशी गावोगावच्या मोबाइलवर पोचलं. दुसऱ्या दिवशी अचलपूरकडच्या एका गावात तिची जीप वेशीवरच अडवली. पाणीचोर म्हणाले, काचेवर दगड घातला. तिच्या सोबतच्या म्हातारीच्या कपाळाला चार टाके पडले. ती म्हातारी तिची सासू.

तिचा फोन आला. ती रडेल, शिव्या देईल असं वाटलं होतं. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. ती म्हणाली, "सर, मी असं कवा म्हटलं? मले फक्त जागा सांगा, कोन्या सभेत म्हटलं." मी म्हणालो, निवडणुकीत थोडं इकडेतिकडे होतं, ताई. ती म्हणाली, "तुमी मले पाडा ना, सर. खुशाल पाडा. पन मी जे बोलली त्याच्यावर पाडा. जे बोललीच नाही त्याच्यावर काहून मारता?" मग म्हणाली, "आता त्या गावात मले उभं कोन राहू देईन?" आणि फोन ठेवला.

मी आमच्या प्रचारप्रमुखाला सांगितलं, मला दुरुस्ती करायची आहे. तो आधी हसला. मग त्याला कळलं की मी थट्टा करत नाही. "साहेब, परवा संध्याकाळी प्रचार संपते. मतदान झाल्यावर करा ना दुरुस्ती, आरामात. आमी हार घेऊन येतो." मी त्याला काय म्हणालो असेन? ज्या माणसाने हजारोंच्या सभांमध्ये सत्तेला आव्हानं दिली, तो म्हणाला, "बघू."

त्या "बघू"ला आता चोवीस तास होत आले. उद्या दुपारी अमरावतीत सांगतेची सभा आहे, माझी खुर्ची मधोमध आहे. मी जाणार नाही. सकाळच्या गाडीने अचलपूरला जाईन आणि तिथून तिला अडवलं त्या गावात. तिला तसा फोन केलाय, चार वाजता जीप घेऊन येते म्हणाली. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, पण एक गोष्ट तुम्हालाच सांगतो. ते मैदान उठून उभं राहिलं तो क्षण आठवला की लाज वाटण्याआधी मला अजून बरं वाटतं. लाज नंतर येते, आणि तीही सावकाश. त्यामुळे चौकात उभा राहिल्यावर माझी जीभ पुन्हा टाळ्यांच्या मागे जाणार नाही याची मला खात्री नाही. म्हणून जे बोलायचं ते इथेच लिहून ठेवतो, आणि उद्या शाळकरी पोरासारखं कागदात डोकं घालून वाचतो:

गावकऱ्यांनो, अचलपूरच्या सभेत मी खोटं बोललो. ही बाई तुमच्या बागेचं पाणी मागत नाही, तिच्या गावाला प्यायचं पाणी मागते. मत तिला देऊ नका. मीही देणार नाही. पण चार वाजता तिची जीप पुन्हा येते आहे. वेशीवर अडवू नका, चौकापर्यंत येऊ द्या, आणि तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत ऐका.