माणसांविना टोळी

प्रिय कल्याण,

पत्र बघून हसशील. फोनवर तू मधेच "मीटिंग आहे अण्णा" म्हणतोस, म्हणून कागद घेतला. कागद फोनसारखा मधेच ठेवता येत नाही.

गोरक्षनाथ मुकादमाच्या टोळीतल्या दगडाबाईच्या हातावर ऊस तोडताना कोयता बसला. दोन बोटांच्या शिरा तुटल्या. कारखान्याच्या यादीतल्या मजुरांवर ज्या दवाखान्यात फुकट उपचार होतात, तिथं नेलं. खिडकीवरचा म्हणाला, "ही बाई कुठल्याच टोळीत न्हाई." यादी तुझ्याच प्रोग्रॅमची. आपल्या नोंदणी ऑफिसात नावं भरणाऱ्या स्नेहलनं उघडून दाखवलं: टोळी आहे, आत माणसं शून्य. चौदा माणसंही आहेत, पण त्यांच्यापुढं टोळीचा रकाना कोरा. का, तर तुझं यंत्र माणसं आधी जतन करतं आणि टोळीला नंबर देतं मागाहून, मग तो नंबर माणसांना लागणार कसा? वर हिरव्या अक्षरांत "माहिती जतन झाली"! वा रे इंजिनिअर.

विचारलं तर म्हणालास, स्नेहलनं आधी टोळी जतन करायला हवी होती. म्हणजे चूक पोरीची. आणि दिवाळीत माडीवर मित्राला काय सांगत होतास? "अण्णांना माउस धरता येत नाही, निघाले डेटाबेस शिकवायला." माझे कान अजून शाबूत आहेत, बाबा.

मी सातवी नापास. काष्टीच्या बाजारात पोत्यावर बसून कारखान्यासाठी वहीत टोळ्या नोंदवायचो. वर मुकादम, खाली त्याची माणसं, एकाच बैठकीत. शेवटचं नाव चढल्याशिवाय मुकादमाचा अंगठा घेत नसे. एक नाव जरी अडलं तरी पान टराटरा फाडायचो आणि नव्यानं लिहायचो. सगळी एकदम, नाहीतर एकही नाही. एवढंच तुझ्या यंत्राला शिकवायचं होतं. पण तुझ्या कंपनीत पोत्यावर कोण बसतंय!

दगडाबाई चार तास त्या खिडकीशी बसून होती. तिचा नवरा बन्सी सारखा म्हणत होता, "सायब, ती माज्याच टोळीत हाय, बगा की नीट." उपचाराला उशीर झाला, आता बोटं वाकत नाहीत. कोयता धरणं संपलं तिचं.

उद्या तुला कारखान्यातून फोन येईल, पुढच्या हंगामाचं काम तुझ्याकडून काढल्याचा. तक्रार कुणी केली, ते सांगायचे नाहीत. मी केली. खाली पूर्ण नाव लिहून सही केली. वाचून झाल्यावर आईला फोन करून रडू नकोस, तिनंच मला पेन आणून दिलं.

तुझाच,
अण्णा