फाट्यावरचा लाल ट्रक

प्रिय काबाले,

तुझं पत्र मिळालं. परीक्षेत पास झालीस हे वाचून मी हॉटेलात बसलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना फुकट चहा पाजला, आणि मग दिवसभर हळहळत बसले, कारण त्या दिवशी नेमका पोलिसांचा अख्खा ट्रक उतरला होता. तुझ्या खोलीतली मुलगी घोरते हेही आजोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, तिला उंटिणीचं दूध द्या, घोरणं थांबेल. आता नैरोबीत उंटीण कुठून आणायची ते त्यांनाच विचार. बाकी सगळे बरे आहेत. मला तुला एक गोष्ट विचारायची आहे, पण ती शेवटी विचारीन. तुझी सवय मला माहीत आहे, तू पत्र शेवटाकडून वाचतेस. या खेपेला तसं करू नकोस गं. आधी जुन्या गाड्यांची सगळी हकिगत वाच, मगच खाली ये.

आपल्या फाट्यावरचा लाल ट्रक तुला आठवतोच. विसरशील कशी, दोन सुट्ट्या तू त्याच्याकडे नाक मुरडून बघण्यात घालवल्यास. मोयालेला मीठ घेऊन निघालेला तो ट्रक गिअरबॉक्स मोडून आपल्या दारात बसला, आणि न्यान्युकीचा मालक आज पाठवतो, उद्या पाठवतो करत राहिला. माल सोडून ड्रायव्हर हलत नाही. मेरूचा किरिमी बिचारा ट्रकखालीच पथारी टाकून राहिला. साखर असती तर महिन्यात फस्त झाली असती, मीठ होतं म्हणून टिकलं. माझ्या कोंबड्या त्याच्या केबिनमध्ये अंडी घालायला लागल्या, आणि तो ती इमानदारीत आणून द्यायचा. तू त्याचं नाव ठेवलंस 'ट्रकखालचा'. त्याने केलेला चहासुद्धा तू प्यायली नाहीस. एप्रिलमध्ये पेटी भरताना मला म्हणालीस, "आई, तो तुझ्यासाठी नाही थांबलेला, गिअरबॉक्ससाठी थांबलाय. ट्रक सुरू झाला की बघ, मागे वळूनसुद्धा बघायचा नाही." मी चपात्यांचं पीठ त्या दिवशी जरा जास्तच मळलं. आजोबांचं मतही तुझ्यासारखंच होतं. ट्रकवाला माणूस ट्रकाबरोबर येतो आणि ट्रकाबरोबर जातो, त्याला जास्त वाढू नकोस, असं ते त्याच्यादेखत सांगायचे. तो हसायचा आणि आणखी एक चपाती मागायचा.

तू गेल्यावर जूनमध्ये जीप घेऊन एक इंग्रज आला. थॉर्नली त्याचं नाव, उन्हाने नाकाची सालं निघालेली. तो म्हणे रस्ता लिहीत चालला होता. मी म्हटलं, रस्ता काय लिहायचा, रस्ता समोर आहे की! तेव्हा त्याने समजावलं. आपल्या आजोबांच्या वयाच्या गाड्या लंडनहून निघणार, फ्रान्स, इटली करत बोटीने इजिप्तला उतरणार, सुदानची वाळू, इथिओपियाचे डोंगर ओलांडून मोयालेला येणार, आणि आपल्या गावावरून पार आफ्रिकेच्या टोकाला, केपटाउनला जाणार. बाई गं, आणि हे सगळं हौसेने! त्यांना कोणी पाठवत नाही, उलट पदरचे पैसे भरून येतात. त्याच्या वहीत प्रत्येक वळणाचं छोटं चित्र होतं, एक रेघ, एक बाण आणि शेजारी खूण. मोठं झाड, मोडकी टाकी, मशीद. आपल्या फाट्यावर दुसरं आहे काय? त्याने लाल ट्रक काढला आणि डावीकडे बाण. मग मला विचारलं, "हा ट्रक ऑक्टोबरपर्यंत इथेच राहील ना?" सगळं हॉटेल हसलं. मी चमचा आपटून म्हटलं, "साहेब, माझा शब्द घ्या, हा ट्रक इथून हलत नाही." ट्रकखालून किरिमीचे नुसते पाय दिसत होते, तेही हसत होते. साहेब खूश झाला आणि गाड्यांच्या दुपारच्या जेवणाचं मलाच सांगून गेला.

आणि गाड्या यायला थोडे दिवस राहिले असताना गिअरबॉक्स आला! सव्वा वर्षात न आलेला मेला नेमका तेव्हाच आला. किरिमीने तो बसवला, इंजिन गुरगुरलं, पोरं नाचली. मालकाचा निरोप होता की मोयालेला मीठ टाक, तिथून वाजीरच्या रस्त्याने भाडं घे आणि तसाच खाली ये. म्हणजे आपल्या वाटेवर परत येणं नाहीच. जाताना तो रिकामा मग हातात धरून दारात उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. मी पातेली इतक्या जोरात घासायला घेतली की त्याला बोलता आलं नाही. "येतो," म्हणाला. मी म्हटलं, "जा की." थॉर्नलीला दिलेल्या शब्दाबद्दल एक अक्षर काढलं नाही, मिजास आडवी आली. गेल्यावर फाट्यावर तेलाचा काळा डाग राहिला. आजोबांनी तो पाहिला आणि मला काही म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर बरं झालं असतं. मला तुझं एप्रिलमधलं बोलणं रोज आठवत होतं, आणि तुझा राग येत होता, कारण तू खरी ठरली होतीस.

गाड्यांच्या दिवशी थॉर्नली सकाळीच पुढे आला, टेबल मांडलं, त्यावर घड्याळं लावली आणि मग फाट्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा काय सांगू! "ट्रक कुठाय?" मी म्हटलं, "साहेब, तो दुरुस्त झाला." त्याने कपाळाला हात लावला. शेवटी एक रिकामं पिंप उभं केलं आणि त्यावर माझी लाल चादर पांघरली. दोन बकरे कापले होते, भात झाला होता, चपात्यांची चळत माझ्या कमरेएवढी. बारा वाजले, कोणी नाही. एक वाजला, कोणी नाही. नुसत्या माश्या. माझा जीव टांगणीला लागला, अख्ख्या गावात बोलून बसले होते ना मी! आणि मग गावचा चीफ ओरडला की धूळ दिसतेय, पण ती भलत्याच बाजूला, आपल्या विहिरींकडे.

थॉर्नलीने मला जीपमध्ये बसवलं आणि सुसाट निघाला. विहिरींवर पोचतो तर काय, वीसेक जुन्या गाड्या, हिरव्या, निळ्या, तारांच्या चाकांच्या, एक तर पितळी डोळ्यांची, आणि त्यांच्यामध्ये गब्ब्रा उंटवाल्यांचे शंभर उंट! सगळ्या गाड्यांच्या नाकातून वाफ निघत होती. आणि आजोबा काठी घेऊन मधोमध उभे. पाण्याचा क्रम लावायचं काम त्यांचं, आणि त्यांच्यापुढे कोणाचं चालत नाही हे तू जाणतेस. त्यांनी ठरवून टाकलं होतं की या यंत्रांनाही तहान लागलेली आहे, तर त्यांचा नंबर उंटांच्या मागे आणि शेळ्यांच्या पुढे. हेस्टर नावाच्या एका म्हाताऱ्या बाई मांडीवर थॉर्नलीच्या वहीवरून छापलेलं ते चित्रांचं पुस्तक घेऊन बसल्या होत्या आणि त्यांचे यजमान उशिराच्या मिनिटामिनिटाला शर्यतीचे गुण जातात म्हणून घड्याळ नाचवत होते. आजोबांनी ते घड्याळ हातात घेतलं, कानाला लावलं, परत दिलं आणि म्हणाले, "हे चालतंय. तुमची गाडी थांबलीये. मग घाई कोणाला आहे?" हेस्टरबाई इतक्या हसल्या की त्यांची टोपी उंटाच्या पायाखाली गेली.

तेवढ्यात धावत कोण आलं सांग बरं? किरिमी! नखशिखांत धुळीने पांढरा, हातात पान्हा. झालं होतं असं की मोयालेला त्याने मीठ उतरवलं, आणि सरहद्दीच्या नाक्यावर हे गाडीवाले पुस्तक उघडून बसले होते, त्यात त्याने स्वतःचा ट्रक पाहिला. आपण तर इथे, आणि पुस्तकात तिथे! त्याने वाजीरचं भाडं सोडलं, तिथल्या तिथे, आणि गाड्यांच्या आधी फाट्यावर उभं राहायचं म्हणून रातोरात ट्रक पिटाळला. सकाळी विहिरींच्या वळणाशीच चाक बसलं. तो जॅक लावून खाली शिरतो न शिरतो तोच गाड्या आल्या. त्यांना हवा होता लाल ट्रक, तो मिळाला, पुस्तकात होतं डावीकडे, त्या वळल्या डावीकडे. त्यांचे मीटर खडबडीत रस्त्याने कधीच बिघडलेले, अंतर कोण बघतो! हा बिचारा ओरडत मागे धावला, तर त्यांना वाटलं शाबासकी देतोय. प्रत्येकाने त्याला हात हलवून दाखवला म्हणे.

थॉर्नली त्याच्यावर धावून गेला. "तू इथे कसा? तू फाट्यावर असायला हवास! छापलंय तसं!" किरिमी धापा टाकत म्हणाला, "साहेब, मी तिकडेच निघालो होतो!" हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली, उंटवाल्यांचीसुद्धा. फक्त आजोबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुझा ट्रक नीट झाला. तुझं मीठ पोचलं. मग इकडे तुझं काय राहिलं होतं?" किरिमीने माझ्याकडे पाहिलं नाही, मान खाली घातली. म्हणाला, "बाबा, हिने शब्द दिला होता ट्रक हलणार नाही म्हणून. ट्रक मी हलवला. मग तिचा शब्द कोणी सांभाळायचा?" काबाले, मला त्या क्षणी कुठे बघावं तेच कळेना. मी उंट मोजायला लागले.

मग तो पाण्यासाठी गाड्यांच्या मागे रांगेत जाऊन उभा राहिला, पाहुण्यासारखा. आजोबांनी ते पाहिलं. मग काठीने त्याला खुणावून दरडावले, "तू रांगेत काय उभा? उतर खाली." आपल्या विहिरीत परका माणूस उतरत नाही हे तुला सांगायला नको. पाणी उपसायला घरचीच माणसं उतरतात, जावई, मुलगे, पुतणे, एकाखाली एक पायरीवर उभे राहून चामड्याच्या बादल्या वर देतात. किरिमीने शर्ट काढला आणि उतरला. तुझ्या वडिलांची तिसरी पायरी ते गेल्यापासून अजून कोणाला दिलेली नाही, आणि त्याने तिथे पाय ठेवलाही नाही. त्यानेच विचारलं, "वारियोची कोणती?" आणि ती ओलांडून पार तळाला, चिखलात जाऊन उभा राहिला. खाली उपसणाऱ्यांचं गाणं सुरू झालं तेव्हा त्याला शब्द येत नव्हते, तरी रेकत होता. मला रडू आलं. धूळ गेली म्हणून सांगितलं सगळ्यांना.

मग काय, गाड्या पाणी प्यायल्या, माणसं माझं जेवण जेवली, चपात्यांचा फन्ना उडाला. हेस्टरबाईंनी तर चार पिशवीत भरून घेतल्या, झांबियापर्यंत पुरवीन म्हणाल्या. शेवटची गाडी वळेपर्यंत किरिमीने ट्रक फाट्यावर उभा धरला आणि स्वतः टपावर बसून डावीकडे हात करत राहिला. दुसऱ्या दिवशी तो ट्रक मालकाच्या हवाली करायला न्यान्युकीला गेला. मालक चिडला आहे आणि नोकरी गेली आहे, असा निरोप आलाय. तो आनंदात आहे. इथे रोज कुठली तरी गाडी मोडतेच, हॉटेलशेजारी दुरुस्तीची शेड घालतो म्हणतो.

आता ते विचारायचं. जायच्या आधी त्याने मला विचारलं, आणि या खेपेला मी पातेली घासत नव्हते. मी म्हटलं, माझं उत्तर माझी मुलगी देईल. आजोबांनी त्यांचं उत्तर विहिरीत दिलं, पण वारियोची लेक तू आहेस, आणि तुझ्या मनाविरुद्ध मी या घरात कोणाचा बिछाना घालणार नाही. तू म्हणाली होतीस, ट्रक सुरू झाला की तो मागे वळून बघणार नाही. मी तुझ्याशी तेव्हा भांडले नाही, कारण मलाही तेच वाटत होतं. तो वळला, काबाले. ट्रक धडधाकट होता, भाडं समोर होतं, मी त्याला एका शब्दाने बोलावलं नव्हतं, तरी वळला. डिसेंबरात तू येशील तेव्हा तो इथे असेल. तू त्याच्याशी बोल, भांड, हवं ते विचार. तरीही नाही म्हणालीस, तर मी त्याला नाही सांगेन, आणि आयुष्यात कधी तुला त्यावरून बोलून दाखवणार नाही, तुझ्या वडिलांची शपथ. पण हो म्हण गं बाई. मला फार वाटतं, तू हो म्हणावंस.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई
दार्मी